टिटवीविरुद्धचं पत्रक

आमच्या घरात सकाळ कागदाच्या आवाजानं व्हायची. आई भाकरी थापायची त्याची थपथप आणि अण्णा पत्रकाच्या घडीवरून नख ओढायचे त्याची सरसर, हे दोन आवाज एकाच ठेक्यात चालायचे. अजूनही कुठं भाकरी थापल्याचा आवाज आला की कशाचा तरी निषेध करायचा राहून गेलाय असं मला वाटतं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते दूध संघात फॅट तपासायचे. दिवसभर लोकांच्या दुधातलं पाणी शोधायचं आणि घरी आल्यावर लोकांच्या बोलण्यातलं, असं आई त्यांच्याबद्दल म्हणायची. त्यांचे दोघे भाऊ पलटणीत होते, गावाकडं ऊस होता, आणि हे असे गुलाबी कागदांच्या गठ्ठ्यांत बसलेले. गुलाबी एवढ्यासाठी, की छापखान्यात लग्नपत्रिकांमधून उरलेला कागद आम्हाला मिळायचा. त्यामुळं आमचं हुंड्याविरुद्धचं पत्रकसुद्धा लांबून लग्नाच्या आमंत्रणासारखं दिसायचं आणि लोक ते हौसेनं हातात घ्यायचे. मग वाचायला लागले की तोंड उतरायचं.

मी अक्षरं शिकले ती ह्याच पत्रकांवर. कमळ, गवत वगैरे शाळेत नंतर आलं. जोडाक्षर नाही, वाचायला सोपा, म्हणून अण्णांनी मला पहिला शब्द शिकवला तो 'निषेध'. दुसरीत 'माझी आई' ह्या निबंधाची सुरुवात मी 'बंधू-भगिनींनो' अशी केली होती. माझं नाव समता. आई माणदेशातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, कमी बोलणारी. तिला नाव चंद्रभागा ठेवायचं होतं, पण जन्माचं पत्रक 'समता' नावानं आधीच छापून आलं होतं म्हणे. घर दोन खोल्यांचं. कॉटखाली पत्रकं, कपाटावर पत्रकं, शिलाई मशीनच्या पायाखाली डगडगतंय म्हणून घडी घातलेलं एक पत्रक. फक्त ओट्यावर कागद ठेवायचा नाही हा आईचा कायदा होता आणि घरातला तेवढा एकच कायदा अण्णा बिनतक्रार पाळायचे. संध्याकाळी हुलग्याचं गरम माडगं वाटीत घेऊन ते बसायचे आणि मला आपला कायदा सांगायचे: बाजू खरी असली तरी तिच्यासाठी खोटं बोलायचं नाही. खऱ्याला खोट्याचा टेकू दिला, की टेकू काढणाऱ्याच्या हातात खरं जातं.

तिशीत पाऊल ठेवल्या ठेवल्या लहानपण लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे, हे मला कळतं. पण पुढं जे सांगायचंय त्याचा राग अजून ताजा आहे. राग निवल्यावर लिहिलं तर ते गोड होईल, म्हणून आत्ताच लिहिते.

आमचं गाव सातारा-सांगलीच्या मधलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण ह्यातली बरीच माणसं मला अजून बाजारात भेटतात. गावाला बाग एकच. कारंजं होतं, त्यातून पाणी उडालेलं कुणी पाहिलं नव्हतं. घसरगुंडीला मध्येच भोक होतं, त्यामुळं मुलं त्या भोकाच्या अलीकडं थांबायला शिकली होती. पण करंजाची दाट सावली होती, दगडी बाकं होती, आणि मागच्या बाजूला मोकळं खडकाळ मैदान होतं. बारावीचा सगळा अभ्यास मी त्या करंजाखाली केला, कारण घरात पाय पसरला तरी तो कुठल्या तरी आंदोलनावर पडायचा. आई संध्याकाळी तिथं येऊन नुसती बसायची. काही न करता बाई बसली आहे आणि कुणी 'काय गं, का बसलीयस' म्हणत नाही, अशी गावात ती एकच जागा होती. पोरींना तर त्या बागेशिवाय दुसरी जागाच नव्हती. देवळात बसलं तर नवस काय म्हणून विचारायचे, एसटी स्टँडवर बसलं तर कुणाची वाट बघतेस म्हणून.

त्या बागेची मागची बाजू व्यापारी गाळ्यांसाठी द्यायचं ठरलं. मैदान जाणार, करंज जाणार, बाकं जाणार, राहणार फक्त कारंजं. अण्णांनी मंजुरीचे कागद मिळवून वाचले तेव्हा त्यात एक अट सापडली: पावसाळ्याच्या आत पाया खणला गेला नाही तर मंजुरी रद्द. म्हणजे आम्हाला फक्त उन्हाळा निभावून न्यायचा होता. अण्णांनी पत्रकं काढली. एक कायद्याचं, एक आरोग्याचं, एक 'सावली कुणाची?' नावाचं, ते मला आजही आवडतं. मी बागेच्या दारात उभी राहून ती वाटायची. सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त सुभेदार रोज एक पत्रक न चुकता घ्यायचे, "शाबास बेटा" म्हणायचे, त्यानं बाक झटकायचे आणि बसायचे. मी एकदा म्हणाले, "सुभेदारकाका, वाचा तरी." ते म्हणाले, "अगं, बाक तर वाचवतोय का न्हाई मी?" बाकीचे लोक तेवढंही करत नव्हते. सह्यांसाठी ठेवलेला कागद वाऱ्यानं उडाला तेव्हा तो पकडायला मी एकटी धावले.

खणायला सुरुवात करायची त्या दिवशी अण्णा, मी आणि पत्रकं काढणाऱ्या आमच्या मंडळातले चार-पाच जण फलक घेऊन उभे राहिलो. अण्णांनी घोषणा दिली, आम्ही ती उचलली, आणि आमच्या घोषणेला करंजावरच्या साळुंक्या सोडून कुणी उत्तर दिलं नाही. ठेकेदार संपतराव कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले होते. ते आमच्याजवळ येऊन फार अदबीनं म्हणाले, "अण्णा, उन्हात कशाला हुबं ऱ्हाताय? सावलीत बसा की." आणि करंजाकडं बोट दाखवलं. जो झाड तोडायला आलाय त्यानं त्याच झाडाची सावली आम्हाला देऊ करावी! मला इतका संताप आला की हातातला फलक उलटा धरलाय हेही कळलं नाही; ते नंतर बाकावरून बघणाऱ्या आईनं सांगितलं.

जेसीबी मैदानात शिरला, आणि पुढं जाऊन थांबला. बंद नाही पडला, थांबला. चालवणारा मल्लाप्पा जतच्याही पलीकडचा, सीमेवरचा. तो केबिनमधून वाकून खाली बघत होता. त्याच्या समोर, उघड्या खडीत, एक टिटवी उभी होती. एवढीशी. पिवळ्या काटक्यांसारखे पाय, डोळ्यापुढं लाल कातडं, आणि त्या पिवळ्या यंत्राच्या धुडापुढं पंख पसरून ती अशी ओरडत होती की आमचं सगळं मंडळ मिळून तेवढं ओरडलं नव्हतं. टिटिव-टिव, टिटिव-टिव. मल्लाप्पा खाली उतरला, चार पावलं गेला आणि एकदम मागं सरला.

"अंडी हायत मालक. चार."

"मग?" संपतराव म्हणाले.

"मग काय मग? टिटवीची हायत. मी न्हाई."

"आरं, कोंबडीच्या अंड्याचं आमलेट खातोस की दोन दोन!"

"ते येगळं. ब्याड, ब्याड, मालक. टिटवीचं घर मोडलं की पाऊस रुसतो. आमच्याकडं आधीच पडत न्हाई." घाबरला की त्याच्या तोंडात कानडी यायचं, 'नको'चं 'ब्याड' व्हायचं. त्यानं टिटवीला हात जोडले आणि चावी खिशात टाकली.

आता, घोषणा देऊन जो माणूस जमला नव्हता तो 'अंडी' हा शब्द ऐकून जमला. पानपट्टीवरून आले, रिक्षातून उतरून आले, समोरच्या दवाखान्यातले पेशंट आले. संपतरावांनी सगळ्यांकडं बघून बाह्या वर केल्या. "सरका. मी सोताच उचलून पलीकडं ठेवतो. त्यात काय एवढं." ते वाकले, तेवढ्यात दुसरी टिटवी, म्हणजे नर असावा, मागून आली आणि त्यांच्या डोक्यावरून सूं करून गेली. टोपी गेली. ती घ्यायला वळले तर पहिलीनं डाव्या कानावरून झेप घेतली. सुभेदार बाकावर उभे राहून हुकूम द्यायला लागले. "संपत! बायें से आ रही है! डोकं खाली! रेंग के चलो!" संपतराव खरंच गुडघ्यावर बसले. मग नर टिटवीनं ते नाटक केलं जे मी आधी फक्त आईकडून ऐकलं होतं. तो खडीत पडला, एक पंख मोडल्यासारखा ओढत लंगडत निघाला. "लागलं वाटतं रं तिला," म्हणून संपतराव त्याच्या मागं. तो दोन हात पुढं, हे दोन हात मागं. लोक दोन्ही बाजूंनी, "घावलाच गड्या, घावलाच!" असं करत त्यांनी सगळं मैदान पार केलं आणि त्या पक्ष्यानं त्यांना बरोब्बर कारंज्याच्या हौदात नेलं. कारंज्यात पाणी कधी नव्हतं, पण माळ्याच्या पायपाची गळती होती. गुडघ्यापर्यंत चिखल. टिटवी दोन्ही पंख धडधाकट पसरून उडाली आणि संपतराव पांढऱ्या कपड्यांत हौदात उभे.

मी हसले, खूप हसले, पोट धरून. आणि घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मला रडायला येतंय. तीन पत्रकं, मंजुरीचे कागद, सह्या, घोषणा. आणि काम कुणी थांबवलं, तर टिटवीनं. तेही कशाच्या जोरावर, तर अंधश्रद्धेच्या.

दुसऱ्या दिवसापासून बागेत जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. अंड्यांभोवती दगडांचं कडं झालं. त्यावर हळदकुंकू पडलं. बायका वाटीतून पाणी आणून ठेवायला लागल्या, आणि टिटवी त्या वाटीत पोट भिजवून अंड्यांवर जाऊन बसायची, तर म्हणाल्या, बघा, अभिषेक करतीया. अंडी चार, म्हणून पाऊस चार महिने. जागा सखल, म्हणून पाऊस बेताचा. ह्यावर सावलीत बसून वाद व्हायचे. जी बाग वाचवायला पाच माणसं येत नव्हती तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. आणि कहर म्हणजे खुद्द संपतरावांच्या आई आल्या. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं. काठी टेकत आल्या, कड्यापाशी नारळ ठेवला आणि लेकाला सगळ्यांसमोर शपथ घातली, "पिल्लं निगूस्तवर खोऱ्याला हात लावशील तर माज्या तोंडाकडं बघू नगंस." संपतरावांनी मान खाली घातली. आक्कांपुढं गावात कुणाचीच मान वर राहत नसे.

मी मनात हिशेब केला. पिल्लं निघेपर्यंत मृग येणार. मंजुरी मरणार. बाग राहणार. आम्ही फक्त गप्प बसायचं होतं.

अण्णांनी संध्याकाळी माडग्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "ह्यावर पत्रक काढायला पाहिजे."

"कशावर?"

"टिटवी आणि पाऊस ह्यांचा संबंध नाही, ह्यावर."

मला वाटलं ते थट्टा करतायत. अण्णा थट्टा करत नाहीत हे माहीत असूनही मला तसं वाटलं. मी म्हणाले, "अण्णा, ती टिटवी आपलं काम करतीय." ते म्हणाले, "ती तिचं काम करतीय. आपलं काम आपण करायचं." मी म्हणाले, लोक पहिल्यांदा बागेसाठी आलेत. ते म्हणाले, बागेसाठी नाही, भीतीसाठी आलेत. उद्या दुसरा कुणी दुसरी भीती घालेल आणि हेच लोक करंज स्वतः तोडतील. मी म्हणाले, महिनाभर थांबू, मग पत्रक काढू. ते म्हणाले, सोयीच्या महिन्यात गप्प बसायचं आणि गैरसोयीच्या महिन्यात विवेक सांगायचा, ह्याला काय म्हणतात तुला माहीत आहे. मला माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. राग त्याचाच तर होता. ज्या माणसाशी तुम्ही भांडताय त्याच्याच तलवारीनं तुम्हाला भांडावं लागतंय, आणि ती त्याच्या हातात जास्त चांगली चालते.

"तूच लिही ह्या वेळी," ते म्हणाले. "बारावी झालीस आता."

आई भाकरी उलटत म्हणाली, "लिव की. कोण वाचतंय?"

तेवढ्या आधारावर मी बसले. कुणी वाचणार नाही ह्या खात्रीनं मी लिहिलं, म्हणून ते तसं उतरलं. ज्यांनी ज्यांनी मला चीड आणली होती त्या सगळ्यांवरचा राग मी त्यात काढला. टिटवीला पाऊस कळत असता तर हवामान खात्यानं तिला नोकरीत घेतलं असतं. ती अंडी जिथं मोकळी जागा मिळेल तिथं घालते, पंचांग बघून नाही. चार अंडी ती नेहमीच घालते, दुष्काळाच्या वर्षीही घालते, हे माणदेशात कुणालाही विचारा. हे सगळं पुढच्या बाजूला. मागच्या बाजूला मला खरं म्हणायचं होतं ते. आणि अगदी शेवटी बागेबद्दल. अण्णांनी वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात ह्याला कौतुक म्हणतात.

आणि ते पत्रक वाचलं गेलं. आमच्या मंडळाच्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा! लोक हवामान खात्याच्या वाक्यावर हसत हसत एकमेकांना वाचून दाखवायला लागले. सुभेदारांनी बाक हातानं झटकलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या बाजूचा फोटो गावातल्या सगळ्या फोनांत फिरला, आणि तो कुणी फिरवला असेल हे सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी संपतराव जेसीबी, मल्लाप्पा आणि आक्कांना घेऊन बागेत आले. माणसं होतीच. त्यांनी गुलाबी कागद उंच धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. "'टिटवीच्या अंड्यांचा आणि पावसाचा काडीचाही संबंध नाही.' ऐकलंस का आई? ह्ये मी म्हणत न्हाई. ह्ये अण्णांची पोर म्हणतीया. बाग वाचवायला निगालेली मंडळी म्हणत्यात. आता बोल."

आक्कांनी काठीनं मला खूण केली. "समते, हिकडं ये. ह्ये तू लिवलंयस?"

"व्हय, आक्का."

"खरं हाय?"

मी अण्णांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत होते. पलीकडं आई करंजाखालच्या बाकावर बसली होती, हात मांडीत. माझ्या एका 'न्हाई'वर ते बाक टिकणार होतं. 'नीट माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आक्का वाट बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझं लिहिलेलं वाचून मला कुणी विचारत होतं, खरं हाय का.

"खरं हाय," मी म्हणाले.

"मग माजा नारळ दे हिकडं," आक्का म्हणाल्या. कुणीतरी तो उचलून दिला. संपतरावांनी मल्लाप्पाला हात केला. मल्लाप्पानं कागदाकडं, माझ्याकडं, टिटवीकडं पाहिलं आणि मुकाट वर चढला. एवढ्यात आक्का म्हणाल्या, "मागं काय लिवलंय रं?"

"कुटं?"

"कागदाच्या मागं. मला हिकडनं दिसतंय की."

"त्ये काय न्हाई, नावगाव हाय."

"एवढं नावगाव? समते, तू वाच."

मी वाचलं. कागदाची गरज नव्हती, पाठ होतं. "अंडी फोडणाऱ्याला शाप लागत नाही. त्याचं घर बुडत नाही, गाडी उलटत नाही, पाऊस रुसत नाही. त्याला काहीसुद्धा होत नाही. म्हणून ती फोडायची की नाही हे देवावर, पावसावर किंवा टिटवीवर ढकलता येणार नाही. ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागेल."

आक्का लेकाकडं वळल्या. "मी शपत काढून घेतली. आता तुज्यावर कायबी न्हाई. ठरीव."

मी संपतरावांचा चेहरा तसा आधी कधी पाहिला नव्हता. शाप असता तर ते शांत करून मोकळे झाले असते. त्याची सोय गावात होती. बराच वेळ ते टोपीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "अंडी ऱ्हाऊ द्या. मल्ल्या, तेवढी जागा सोडून बाजूनं घे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी ओरडून म्हणाले, "आणि बाग? शेवटचा परिच्छेद बागेचा आहे. तो राहिला." आक्का म्हणाल्या, "वाच की." मी वाचायला लागले. सावली, बाकं, पोरींना बसायला जागा, मंजुरीतली अट, सगळं त्यात होतं. दुसऱ्या वाक्याला लोक मल्लाप्पा चुन्याच्या फक्कीनं अंड्यांभोवती गोल कसा आखतोय ते बघायला तिकडं सरकले. चौथ्या वाक्याला माझ्यासमोर सुभेदार आणि अण्णा उरले होते. अण्णांना ते पाठ होतं.

मल्लाप्पानं फार जपून खणलं. संध्याकाळपर्यंत करंज आडवा झाला होता, बाकं कडेला रचली होती, आणि एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खांब राहिला होता, त्याच्या माथ्यावर टिटवी बसलेली. पुतळा बसवल्यासारखी. आई माझ्याशेजारी उभी राहून ते बघत होती. ती रडली वगैरे नाही. "आता कुटं बसायचं," एवढंच म्हणाली, आणि ते प्रश्नासारखं म्हटलं नव्हतं.

पिल्लं निघाली तशी एकेक करून त्या खांबावरून खाली उडी मारून पळाली, कापसाच्या गोळ्यांसारखी; लागलं कुणालाच नाही. पण त्याआधीच गावानं नवा शोध लावला होता. टिटवी आता उंचावर बसली आहे. उंचावर बसली म्हणजे पाऊस जबरदस्त. मी बाजारात ओरडून सांगितलं की अहो, ती उंचावर गेली नाही, खाली सगळं खणलं म्हणून ती उंच दिसतीय. भाजीवाली म्हणाली, "कसं का हुईना, उंचावर हाय का न्हाई?"

आणि पाऊस जबरदस्त पडला. काय करू मी? असा पडला की खड्डा दोन दिवसांत भरला, कडा ढासळल्या, पंप लावला तर पंपच बुडाला. पाया कागदोपत्री सुरू झाला होता म्हणून मंजुरी मेली नाही, आणि खड्ड्यात तळं झालं म्हणून गाळे झाले नाहीत. शेवटी ते गाळ्यांचं सगळं प्रकरण स्टँडकडच्या जागेत गेलं. खड्डा तसाच राहिला. आजही आहे, सांगलीहून गावी गेले की मी बघून येते. भोवती तारेचं कुंपण आणि 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी. हिवाळ्यात पाण्यावर बगळे येतात, बदकं येतात, लोक कुंपणाबाहेर उभं राहून फोटो काढतात आणि मला सांगतात, बघ, तुझी बाग वाचली की. मी त्यांना विचारते, बसायचं कुठं? त्यावर ते बदकाकडं बोट दाखवतात.

त्या पावसातच एका सकाळी आक्का आमच्या दारात आल्या. अण्णा उंच जागेवरच्या अंड्यांबद्दल नव्या पत्रकाचा कच्चा खर्डा करत बसले होते, आई चटणीसाठी मिरच्या भाजत होती. आक्का उंबऱ्यातच टेकल्या आणि मला म्हणाल्या, "समते, तुजा कागद वाचून मी नारळ मागं घ्येतला. आन पाऊस तर ह्यो असा. आता नारळ ठेवायचा का न्हाई, सांग."

"आवं आक्का, टिटवीला काय ठावं? खड्डा मल्लाप्पानं खणला."

"त्ये कळतंय मला. मी काय येडी हाय? ठेवायचा का न्हाई, त्ये सांग."

माझा संयम संपला. "तुमचं तुमी ठरवा!" मी जवळजवळ ओरडले. अण्णांनी मान वर केली. वडीलधाऱ्यांवर ओरडलेलं त्यांना चालत नसे.

"तसंच केलं," आक्का शांतपणे म्हणाल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी होती. "निम्मा खड्ड्यापाशी ठिवला. ह्यो निम्मा तुजा."

"माझा कशाला?"

"तिनं पाऊस आणला का न्हाई, देवाला ठावं. पर त्वा माज्या संपतला चार माणसांत हुबं करून इचार कराय लावलास. माज्याच्यानं त्ये उभ्या जल्मात झालं न्हाई." आणि काठी टेकत, पावसातच, त्या निघून गेल्या.

वाटी माझ्या हातात राहिली. अण्णा चष्मा काढून म्हणाले, "समता, आपण प्रसाद घेत नाही." आईनं माझ्या हातातून वाटी घेतली, ओट्याला टेकून खवायला बसली आणि मिरच्यांत घालून पाट्यावर वाटून टाकली. जेवताना ताटात वाढल्यावर अण्णांनी ती चटणी बोटानं कडेला सारली. मग म्हणाले, "मी हे खोबरं म्हणून खातोय. प्रसाद म्हणून नाही."

"कसंबी खावा," आई म्हणाली, "पर गुमान खावा."

अण्णांनी दोनदा मागून घेतली. मी एकदा. चटणी चांगली झाली होती, ह्याचाही मला राग आला.